सुटकेची तारीख माहीत नाही, म्हणून औषध नाही?

प्रति,
कारागृह खाते आणि सार्वजनिक आरोग्य खाते यांचे प्रमुख अधिकारी यांस

विषय : तुरुंगातून सुटणाऱ्यांना हिपॅटायटिस सीचा उपचार मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

दोन्ही खात्यांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी पत्रे लिहिली की कोणती उत्तरे येतात ते मला आता पाठ झाले आहे. कारागृह खाते म्हणते, माणूस फाटकाबाहेर पडला की आमची जबाबदारी संपली. आरोग्य खाते म्हणते, आतली तपासणी आमची नाही, तिचे कागद आम्हाला चालत नाहीत. माझा धाकटा भाऊ या दोन उत्तरांच्या मध्ये बराच काळ अडकून पडला होता. त्याच्यासारखे आजही अडकत आहेत, आणि आता तर तुम्ही त्याची लेखी सोयच करून ठेवली आहे. म्हणून हे पत्र खुले आहे.

लेखी सोय म्हणजे तुमचा ताजा आदेश. हिपॅटायटिस सीचा पूर्ण उपचार मावेल इतकी शिक्षा ज्याची उरलेली नाही, किंवा ज्याच्या सुटकेची तारीख निश्चित नाही, अशा कैद्याला औषध सुरू करू नये. सुटल्यावर त्याने बाहेरच्या रुग्णालयात जावे, असे त्यात म्हटले आहे. वाचताना हे शहाणपणाचे वाटते. औषध वाया जाऊ नये, उपचार अर्धवट राहू नये, याला कोण नाही म्हणेल? पण या दोन अटींत कोण कोण बसते ते मोजून पाहा. सुटकेची तारीख निश्चित नसते ती कच्च्या कैद्याची. शिक्षा थोडी उरलेली असते ती किरकोळ गुन्ह्यात आत आलेल्याची, किंवा शिक्षा संपत आलेल्याची. म्हणजे जे घरी जाणार, वस्तीत जाणार, कदाचित पुन्हा आत येणार, नेमक्या त्यांनाच औषध नाही. आणि जो वर्षानुवर्षे आतच राहणार आहे, त्याला आहे. त्याला जरूर मिळावे. पण साथ आवरायची असेल, तर ये-जा करणाऱ्यांना वगळून ती आवरता येत नाही.

आजाराविषयी दोन शब्द सांगते. तुमच्यासाठी नाही, हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणू. नशेसाठी एकच सुई दोघा-चौघांनी वापरणे, गोंदवण्याची न उकळलेली सुई, एकमेकांचे ब्लेड आणि वस्तरे, नीट निर्जंतुक न केलेली वैद्यकीय साधने, न तपासता दिलेले रक्त, हे त्याचे रस्ते. एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने, खोकल्याने तो पसरत नाही. १९८९ मध्ये हा विषाणू ओळखला गेला, आणि त्या कामाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. लस अजून नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो, आणि वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. वीस वर्षांत त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्क्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण साचून ते कडक होत जाणे, होऊ शकतो. पुढे काहींना यकृताचा कर्करोग.

पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. महिनोन्महिने ती घ्यायची, ताप आणि नैराश्य सोसायचे, आणि तरीही बरे होण्याची खात्री नाही. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आले आणि चित्र पालटले. आता सोफोसबुविरबरोबर वेल्पाटास्विर किंवा डाक्लाटास्विर, रोज एकदा तोंडाने घ्यायचे, बहुतेकांना १२ आठवडे. दुसरी एक जोडी तर बऱ्याच जणांना ८ आठवड्यांतच पुरते. ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. आजार दबून राहतो असे नाही, तो जातो. एचआयव्हीची गोळी जन्मभर घ्यावी लागते, हिपॅटायटिस बीची बहुतेकांना वर्षानुवर्षे. सीच्या बाबतीत तीन महिन्यांत विषय संपतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ५ कोटी लोकांना हा जुनाट आजार होता. त्या एका वर्षात २ लाख ४२ हजार माणसे त्याने गेली आणि सुमारे १० लाखांना नव्याने लागण झाली. आजार असलेल्यांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांना तो असल्याचे माहीत होते. आणि तुरुंगांचे म्हणाल तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अंदाजानुसार जगभरच्या कैद्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना हिपॅटायटिस सीची लागण होती. आजार ज्या भिंतींच्या आत असा एकवटलेला आहे, त्या भिंती तुमच्याच ताब्यात आहेत. माणसे एका जागी आहेत, सगळ्यांची नोंद आहे, रोज हजेरी होते. आरोग्य खात्याने मोहिमेसाठी याहून सोयीची जागा शोधून दाखवावी.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध, ते सांगते.

भाऊ कच्चा कैदी होता. आत जाण्याआधी काही वर्षे तो सुईने नशा करत असे. आमच्या घरात ही गोष्ट लपवली जात असे. मी ती इथे लिहिते आहे, कारण लपवून कोणाचे भले झाले नाही. आत एकदा तपासणी शिबिर झाले. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतले आणि थोड्या वेळाने बरॅकीतच, सगळ्यांसमोर, त्याला सांगण्यात आले की तुला काविळीचा जंतू आहे. त्या दिवसापासून त्याचा पेला वेगळा झाला. पेल्यातून हा आजार पसरत नाही, हे सांगायला त्या शिबिरातले कोणी मागे थांबले नव्हते.

ती तपासणी अँटिबॉडीची होती. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढेच ती सांगते. तो आत्ता आहे की नाही हे आरएनएची दुसरी तपासणी केल्याशिवाय कळत नाही, आणि पूर्ण बरा झालेल्या माणसाचीही अँटिबॉडी पुढे वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच येत राहते. दुसरी तपासणी झाली नाही. मुलाकातीला गेले की मी विचारायची. उत्तर ठरलेले असे: ‘त्याची तारीख नक्की नाही, औषध सुरू होणार नाही, मग तपासणी करून उपयोग काय?’

त्याची तारीख अनिश्चित राहिली ती इतका काळ, की तेवढ्यात हा उपचार एकदा सोडा, अनेकदा पूर्ण झाला असता. तुमच्या आदेशातली सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते. ‘तारीख माहीत नाही’ याचा अर्थ ‘लवकर सुटेल’ असा तुम्ही धरता. कच्च्या कैद्याच्या घरच्यांना विचारा, त्याचा अर्थ काय असतो ते.

आणि मग एक दिवस जामीन झाला, तोही असा की न्यायालयातूनच तो मोकळा झाला. आनंदच झाला, खोटे कशाला बोलू? पण त्याचे सामान आत, ओळखपत्र आत, आणि जे काही वैद्यकीय कागद होते तेही आत. बाहेरच्या रुग्णालयाने आधीचा अहवाल मागितला. अहवालासाठी तुरुंगाकडे अर्ज करायचा, अर्जाला ओळखपत्राची प्रत जोडायची, आणि ओळखपत्र तुरुंगाच्या कोठारात. या चक्राला कोणी एक माणूस जबाबदार होता असे मी म्हणत नाही. खिडकीमागचे लोक बहुतेक वेळा सभ्यपणे बोलत. फक्त प्रत्येक खिडकीवर ‘हे आमच्याकडे नाही’ एवढेच मिळत असे.

त्या काळात तो पुन्हा सुईकडे गेला का? हो, गेला. राहायला आमच्याकडे होता तरी काम मिळत नव्हते, जुने सोबती कोपऱ्यावरच होते. आणि आत असताना सक्तीने सुटलेली नशा ही सुटलेली नशा नसते. पुढे एका बाह्यरुग्ण केंद्रात, कागदांचा आग्रह न धरणाऱ्या एका परिचारिकेमुळे, त्याची तपासणी पहिल्यापासून झाली आणि औषध सुरू झाले. त्याने ते पूर्ण केले. विषाणू गेला. पण तोवर यकृतात सिरॉसिस झाला होता, त्यामुळे कर्करोगाच्या धास्तीने दर सहा महिन्यांनी त्याला सोनोग्राफी करावी लागते, आणि ती आता जन्मभर. आत असताना त्याचे यकृत कोणत्या अवस्थेत होते? सांगता येणार नाही, कारण कोणी पाहिलेच नाही. त्याचा प्राथमिक अंदाज घ्यायला मोठे यंत्रही लागत नाही. एएसटी आणि प्लेटलेट या दोन साध्या रक्तचाचण्यांवरून एपीआरआय नावाचा आकडा काढता येतो. कागद-पेन्सिल पुरते.

आता तुमची कारणे. ती मला तोंडी सांगण्यात आली आहेत, आदेशातही त्यांचा सूर आहे.

औषध अर्धवट राहिले तर वाया जाईल, हे पहिले कारण. उपचार म्हणजे साधारण २८ गोळ्यांच्या तीन डब्या. त्यांना फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही, देखरेखीला डॉक्टर रोज लागत नाही. ज्या दिवशी उपचार सुरू होतो त्याच दिवशी तीनही डब्या त्या माणसाच्या नावावर काढून ठेवा, आणि तो सुटेल तेव्हा उरलेल्या त्याच्या हातात द्या. तो न्यायालयातूनच सुटला, तर डबी त्याच्यामागे पोहोचवा. त्याचे सामान परत द्यायला तुम्हाला कोणालातरी भेटावेच लागते. मध्ये चार-सहा दिवसांचा खंड पडला, तरी गोळ्या लगेच पुन्हा सुरू करून उपचार पुढे नेता येतो, असेच यकृततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. खंड मोठा असेल तर डॉक्टर तपासून ठरवतील. थोडक्यात, धोका आहे तो गोळ्या फाटकाच्या आत ठेवून घेण्यात. सुरू करण्यात नाही.

बाहेर जाऊन त्यांना पुन्हा लागण होईल, हे दुसरे. काहींना होईल. हा आजार एकदा बरा झाल्याने पुढचे संरक्षण मिळत नाही, हे खरेच आहे. मग पुन्हा उपचार द्यायचा. हिवताप पुन्हा होईल म्हणून आजचा हिवताप कोणी अंगावर काढायला सांगत नाही. या युक्तिवादामागे एक न बोललेले वाक्य असते, की या लोकांवर खर्च कशाला. ते बोलले जात नाही म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही, एवढेच. शिवाय उपचारानेच लागण कमी होते, याला आता पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या चार तुरुंगांत औषध मोठ्या प्रमाणावर दिले गेले, तेव्हा नव्या लागणीचा वेग दर १०० माणसांमागे वर्षाला ८.३१ वरून ४.३५ वर आला. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या रक्तात विषाणूच नाही, त्याच्या सुईतून तो दुसऱ्याला जाऊ शकत नाही, इतके ते सरळ आहे.

तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, हे तिसरे कारण आता शिळे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्येच सांगितले आहे की तपासणी आणि उपचार एकाच ठिकाणी, तुरुंगातसुद्धा, प्रशिक्षित सामान्य डॉक्टर आणि परिचारिका देऊ शकतात. तज्ज्ञाकडे पाठवायचे ते सिरॉसिस बिघडलेल्यांना, किंवा इतर गुंतागुंत असलेल्यांना. काळजी घ्यायच्या गोष्टी दोन-चारच आहेत, पण त्या खऱ्या आहेत. हिपॅटायटिस बी आहे का ते आधी पाहावे लागते, कारण सीचा उपचार सुरू झाल्यावर बी उसळू शकतो. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन आणि फिटवरचे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल, तर त्याने सोफोसबुविर-वेल्पाटास्विरसारख्या गोळ्यांचा असर घटतो. तुरुंगात क्षयरोग किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे सुटणाऱ्या माणसाच्या हातातल्या कागदावर त्याला कोणकोणती औषधे चालू आहेत हे लिहिलेले असणे, ही कारकुनी बाब नाही.

आणि खर्च. सोफोसबुविर आले तेव्हा अमेरिकेत एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, आणि त्या काळात ‘आधी कोणाला’ असा प्रश्न पडणे मी समजू शकते. आज कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटना १२ आठवड्यांच्या पूर्ण उपचाराची संदर्भ किंमत ६० डॉलर धरते. जिथे औषध अजून महाग आहे तिथेही वाट निघाली आहे: अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये कंपनीशी ठोक रकमेचा करार केला, आणि सरकारी विमा योजनेतल्या गरिबांबरोबर कैद्यांनाही त्यात धरले. त्यांनी कैद्यांना वेगळ्या रांगेत उभे केले नाही.

‘बोलावले तरी ते येत नाहीत’ हेही कारण मी ऐकले आहे. यावर मला सर्वांत जास्त राग येतो, म्हणून जरा सावकाश लिहिते. सुटका झालेल्या माणसाचे पहिले दोन आठवडे कसे असतात, याचा एक अभ्यास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ३० हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांवर झाला. तो २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट होता, आणि सर्वांत मोठे कारण होते नशेच्या औषधाचा अतिरेक. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर जुनेच प्रमाण घेतले जाते. या दिवसांत तो माणूस छप्पर शोधत असतो, ओळखपत्र शोधत असतो, पोलिसांकडे हजेरी लावत असतो. काही जण मरत असतात. आणि तुम्ही त्याच्या हातात रुग्णालयाचे नाव लिहिलेली चिठ्ठी देता, तीही दिलीच तर, आणि तो आला नाही म्हणून त्याच्या नावापुढे ‘उपचारास अनुत्सुक’ असा शेरा मारता. भावाच्या कागदावर तो शेरा मी पाहिला. कागद शेवटी मिळाला तेव्हा.

तेव्हा माझ्या तक्रारी अशा आहेत.

ज्याला उपचाराची गरज आहे त्याला तो कोणत्या गुन्ह्यात किंवा किती दिवसांसाठी आत आहे यावरून तुम्ही निवडता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये संमत केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला २४ वा नियम सांगतो की बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि ती सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेशी अशी जोडलेली असावी की संसर्गजन्य आजार आणि व्यसन यांच्या उपचारात खंड पडणार नाही. ‘खंड पडणार नाही’ हे त्या नियमातच आहे, माझ्या पदरचे नाही. १०८ वा नियम तर सुटणाऱ्या माणसाला, शक्य आणि गरजेचे असेल तिथवर, ओळखीचे कागद मिळावेत असे म्हणतो.

तपासणी अर्धी करून सोडता. अर्ध्या तपासणीने माणसाला भीती मिळते, बरॅकीत बदनामी मिळते आणि उपचार मिळत नाही. त्यापेक्षा तपासलेच नसते तर बरे, असे वाटायला लावणारी तपासणी ही आरोग्यसेवा नव्हे.

निकाल चारचौघांत सांगता. याविषयी अधिक लिहायची गरज नसावी.

सुटकेची तयारी सुटकेच्या दिवशी सुरू करता. कच्च्या कैद्याच्या बाबतीत त्या दिवशी तुमच्या हाताशी तासभरही नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरीही वैद्यकीय कागद आधी तयार ठेवण्याची पद्धत नाही.

आणि नशेचा आजार हा तुमच्या लेखी आजारच नाही. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूवर्गीय नशेऐवजी देखरेखीखाली दिली जाणारी औषधे, यांचा उपचार चालू असेल तर हिपॅटायटिस सी लागण्याचा धोका निम्म्याने घटतो, आणि त्याला स्वच्छ सुयांच्या पुरेशा वाटपाची जोड दिली तर जवळपास तीन-चतुर्थांशाने, असे २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसले आहे. स्पेनसारख्या देशाने तुरुंगातसुद्धा स्वच्छ सुया देऊन पाहिल्या, आकाश कोसळले नाही. तुम्ही लगेच तिथवर जाल अशी माझी अपेक्षा नाही. पण बाहेर मेथाडोन घेणाऱ्याचे औषध आत येताच तोडायचे, आणि आत घेणाऱ्याचे बाहेर जाताच, एवढे तरी थांबवता येईल की नाही?

हे सगळे कोठे होते का, असे विचारले जाईल. होते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१६ पासून ही औषधे सरकारी योजनेत आणली, यकृत किती खराब झाले आहे याची अट ठेवली नाही आणि कैद्यांना बाहेर ठेवले नाही. तिथे तुरुंगातली सेवा मुख्यतः परिचारिका चालवतात. जॉर्जियाने २०१५ मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला, त्यात तुरुंग धरले. इंग्लंडमध्ये हिपॅटायटिस सी ट्रस्ट ही संस्था स्वतः या आजारातून गेलेल्या माणसांना तुरुंगात पाठवते. ते कैद्यांशी बोलतात, तपासणीला तयार करतात, सुटल्यावर गाठ घालतात. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझा भाऊ डॉक्टरांपुढे गप्प बसत असे. त्या केंद्रात पूर्वी आत जाऊन आलेला एक मदतनीस होता, त्याच्यापाशी मात्र तो तासभर बोलला.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सुटकेच्या तारखेची अट रद्द करा. शिक्षा किती उरली, खटला कोठवर आला, याचा औषध सुरू करण्याशी संबंध तोडा.

तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही दिवसांतच तपासणी देऊ करा. त्याला नको असेल तर त्याने नाही म्हणावे, आणि त्या नकाराची शिक्षा होऊ नये. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्तावर आरएनए करा, त्याला पुन्हा बोलवायची वेळ आणू नका. निकाल एकट्याला सांगा. आरएनए पॉझिटिव्ह आला तर औषध काही दिवसांत सुरू करा, काही महिन्यांत नव्हे.

उपचार सुरू होईल त्याच दिवशी सुटकेचे पाकीट तयार करा. त्यात तपासण्यांचे निकाल, चालू औषधांची यादी, किती गोळ्या झाल्या आणि किती उरल्या याची नोंद, आणि बाहेरच्या केंद्राचा पत्ता, त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. दर आठवड्याला ते अद्ययावत करा. सुनावणीला जाताना ते त्याच्यासोबत जाऊ द्या. वाचता येत नसेल तर त्याच्या घरच्या कोणाला द्यायचे हे त्यालाच विचारून ठेवा. आणि बंद लिफाफ्यात द्या.

आरोग्य खात्याने आत आणि बाहेर एकच रुग्ण क्रमांक चालवावा, आणि त्या क्रमांकावर, ओळखपत्र हाती नसले तरी, उरलेला उपचार द्यावा. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी जी शेवटची आरएनए तपासणी असते, ती त्याला जिथे सोयीची तिथे करता यावी. बरा झालो की नाही हे त्या तपासणीवरून कळते, आणि सुटलेल्या बहुतेकांची तीच राहून जाते.

सुटणाऱ्याची पहिल्या आठवड्यात गाठ घेणारे एक माणूस नेमा, शक्यतो स्वतः आत जाऊन आलेले, आणि त्याला पगार द्या. स्वयंसेवेवर हे काम टाकू नका. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही बाजूंनी अखंड ठेवा, आणि ज्याला गरज आहे त्याला सुटताना नालॉक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशेचा अतिरेक झाल्यास त्यावर उतारा असलेले औषध, द्या.

दर वर्षी चार आकडे जाहीर करा: किती जण आत आले, कितींची दोन्ही चाचण्यांपर्यंत तपासणी झाली, कितींना औषध सुरू झाले, आणि सुटलेल्यांपैकी कितींचा उपचार बाहेर पूर्ण झाला. चौथा आकडा आज तुमच्या दोन्हींपैकी एकाही खात्याकडे नाही. मी दोन्हीकडे विचारून पाहिले आहे.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१६ मध्ये ठरवले की २०३० पर्यंत विषाणूजन्य हिपॅटायटिसची नवी लागण ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करायचे. या तारखेचा उल्लेख तुमच्या भाषणांत असतो. तुमच्या आदेशात नाही.

उत्तर लेखी द्यावे, आणि दोन्ही खात्यांच्या सहीने. ‘प्रकरण दुसऱ्या खात्याकडे वर्ग केले आहे’ असे उत्तर आले, तर ते मी या पत्राखाली जसेच्या तसे छापीन.

आपली,
एका सुटलेल्या कैद्याची थोरली बहीण